पांढरी साडी आणि कँडिडेट

आमचं गाव केजच्या पलीकडं. सरपंचपद राखीव सुटलं, तेही आमच्या समाजातल्या बाईसाठी, तेव्हा गावच्या मालकांनी माझ्या मायला वाड्यावर बोलावून घेतलं. माय त्यांच्याच शेतात खुरपायला जायची.

"तू आमची कँडिडेट. बोलायचं आमी बघू, तू फक्त हात जोडायचे," असं म्हणून त्यांनी तिच्यापुढं पांढरी साडी टाकली.

"मालक, माझा नवरा जिता हाय. पांढरं कावून नेसू?"

बैठकीतली सगळी माणसं हसली. मायनं साडी उचलली.

मी तेव्हा बीडला क्लासला होते. तिथले इंग्रजीचे सर शब्दांची कुळं सांगायचे, म्हणून मी त्यांना कँडिडेटबद्दल विचारलं. लॅटिनमध्ये कँडिडस म्हणजे पांढरंशुभ्र. जुन्या रोममध्ये मतं मागायला निघालेला माणूस अंगावरच्या वस्त्राला खडू फासून ते झगझगीत करायचा, त्यावरून कँडिडेट. आणि मनात काही न लपवता बोलणारा तो कँडिड, हाही त्याच मुळातला.

"सख्ख्या बहिणी आहेत," सर म्हणाले, "पण एकमेकींच्या दारात जात नाहीत."

सुट्टीत घरी आले तेव्हा मायला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"खडू फासायचे? म्हंजे मळ खाली तसाच?"

"तसाच."

"आन् दुसरी बहीण खरं बोलती व्हय?" एवढं विचारून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

माय निवडून आली. वाड्यासमोर गुलाल उधळला, मालकांना खांद्यावर घेतलं. संध्याकाळी मायला निरोप आला. त्याच साडीत तिनं वाड्याचं अंगण झाडलं. मालकीणबाई पायरीवरून सांगत होत्या, "सरपंचबाई, त्या कोपऱ्यात राहिलं बघा."

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत खुर्चीवर मालकांचा मुलगा बसला होता, माय खाली सतरंजीवर. ती मधेच उठून उभी राहिली.

"नळाची लाईन आमच्या गल्लीला मंजूर झालती. ती मालकांच्या मळ्यात गेली. माझी सही घेतली, पण कशावर घेतली ते सांगितलं न्हाई."

मालक शांतपणे म्हणाले, "बस बाई. दमलीस तू."

दुसऱ्या दिवसापासून गावात तिला कुणी कामाला बोलावलं नाही. बाप मालकांचा ट्रॅक्टर चालवायचा, त्यालाही उतरवलं. दिवाळी झाली आणि दोघं ऊसतोडीला कर्नाटकात निघाली. गावची सरपंच बिऱ्हाड घेऊन ट्रॉलीत चढताना लोक बघायला जमले होते. पारावरून कुणीतरी ओरडलं, "सरपंचबाईचा दौरा निघाला बे!" माझ्या चुलत्यांनाही हसू आवरलं नाही.

ती तिकडं फडात असताना मालकांच्या मुलानं तक्रार केली, की सरपंच सभांना हजर राहत नाहीत. पद रद्द झालं. मी फोन करून सांगितलं.

"गेलं का?" माय म्हणाली. मागं कोयत्यांचे आवाज येत होते. "बरं. गाडी भरायला आलीय, ठिवते."

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. तिनं रडावं असं मला वाटत होतं.

उन्हाळ्यात ती परत आली. मालकांच्या रानात धसकटं वेचायला बायका लागल्या होत्या. माय बांधावर जाऊन उभी राहिली. मालक झाडाखाली बाजेवर होते. त्यांनी तिला दुपारपर्यंत उन्हात उभं ठेवलं, जेवले, हात धुतले, आणि मग बोटानं रानाकडं दाखवलं.