सदाफुलीवरचा कोस्टा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी फार आत्मविश्वासाने बोलणार आहे. त्या दिवशीही तशीच बोलले होते!

लेकीकडे अ‍ॅरिझोनात राहून आले होते. तिथल्या वाळवंटात एक पक्षी असतो, कोस्टा हमिंगबर्ड. अंगठ्याएवढा जीव, हवेत एका जागी थांबून मध पितो! नराच्या गळ्यावर जांभळी झळाळी, आणि ती दोन्ही बाजूंना अशी लांब सुटलेली, की पिळदार मिशाच! मादी बिचारी साधी. पाठ हिरवट, पोट पांढुरकं. परत आल्यापासून भूगावच्या आमच्या सोसायटीत भेटेल त्याला मी हे शिकवत होते. लिफ्टमध्येसुद्धा!

त्यात विहीणबाई आमच्या कासार आंबोलीच्या बंगल्यावर राहायला आल्या. त्याही अ‍ॅरिझोनाला जाऊन आलेल्या, पण त्यांना तो पक्षी काही दिसला नव्हता. आता मला सांगा, विहिणीच्या वरचढ व्हायची अशी संधी कोण सोडेल?

सकाळी अंगणात चहा घेत होतो, आणि सदाफुलीपाशी भर्रर्र! एक बारकासा जीव हवेत एका जागी थांबून फुलात चोच घालतोय!

"कोस्टा!" मी ओरडले. "मादी आहे!"

"अहो, शिंजीर असेल," विहीणबाई म्हणाल्या.

"छे! शिंजीर फांदीवर बसून मध पितो. हा हवेत थांबलाय. आणि मिशा नाहीत, म्हणजे मादीच!"

शेजारच्या शेतावरच्या हिराबाई भाजी घेऊन आल्या होत्या. त्यांनी डोळे विस्फारले. "अगं बया! अमेरिकेतनं हितवर उडत आलं व्हय?"

"थंडीत येतात हो पाहुणे पक्षी!"

"मग लई दमलं असंल. पानी ठिवू का?"

वाटीत साखरपाणीसुद्धा ठेवलं! मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'कोस्टा आमच्या दारी!' तेवढ्यात विहीणबाईंनी तोच फोटो बोटांनी मोठा केला.

"अहो, याला शिंगं आहेत."

"तुरा असेल."

"आणि पाय सहा."

आता मात्र मी चष्मा लावला. चोच कसली, लांबलचक सोंड होती ती! पतंग! दिव्यावर झडप घालतो ना, त्याच्याच घराण्यातला!

विहीणबाई हसल्या नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "पण मादी असेल हो."

परवा फोनवर सहज बोलून गेले, की घरात झुरळं फार झालीत. पलीकडून जावई अगदी गंभीरपणे म्हणाले, "आई, ती कुठल्या देशातून आलीत?"