फाटकावरची चावी

फाटक पडलं की मामा अँब्युलन्सचं इंजिन बंद करायचे, टॉवेल डोक्याला गुंडाळायचे आणि चावी हातात घेऊन खाली उतरायचे. भोंगा वाजवायचे नाहीत. "भोंग्यानं लोक पुढं घुसतेत, बाजूला व्हत न्हाईत," म्हणायचे.

आमच्या दवाखान्याचे ते ड्रायव्हर, मी कंपाउंडर. पेशंट जालन्याला न्यायचा तर वाटेत रेल्वेचं फाटक. तुम्हीही पाहिलं असेल, फाटक पडलं की आपली माणसं डावी बाजू भरतात आणि उजवीसुद्धा भरतात. पलीकडचेही तेच करतात. मग रेल्वे निघून जाते, फाटक उघडतं आणि दोन्हीकडचे शहाणे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. मला आजही या प्रकाराची चीड येते.

उजवीकडं घुसलेल्यापुढं मामा चावी धरायचे. "ही घ्या चाबी. तुम्हाला जल्दी हाय ना, मंग पेशंट तुम्हीच न्या." माणूस ओशाळून मागं सरकायचा. एका ट्रकवाल्यानं मात्र ऐटीत खाली उतरून चावी घेतली. मामा गुमान त्याच्या ट्रकात चढले, ट्रक मागं घेऊन कडेला लावला आणि उतरून आपली चावी परत मागितली. आत कण्हणारी बाळंतीणही हसली, असं तिची सासू पुढं सांगायची.

रिटायर झाले आणि वर्षभरात मामांच्याच छातीत कळ आली. गाडीवर नवा ड्रायव्हर, मागं मामांचा हात धरून मी. फाटक पडलेलं. नव्या ड्रायव्हरनं भोंगा लावला तसे लोक आणखी पुढं घुसले.

मामा पुटपुटले, "चाबी घे. उतर."

ड्रायव्हरकडून चावी घेऊन मी उतरलो. उजवीकडच्या टेम्पोवाल्यापुढं चावी धरली. तो म्हणाला, "फाटक उघडू द्या, मंग सरकतो." फाटक उघडलं. समोर एसटी, शेजारी जीप, कुणालाच हलता येईना. मी शिव्या घातल्या, मग हात जोडले. रस्ता मोकळा व्हायला अर्धा तास गेला. परत आत चढलो तेव्हा मामा गेले होते.

स्मशान रुळांपलीकडं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी तिरडी त्याच फाटकातून न्यायची होती. ती दिसताच गाड्या आपोआप डावीकडं सरकल्या, एकामागं एक. कुणाला सांगावंही लागलं नाही. तोच टेम्पोवाला खाली उतरला, चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला.

माझ्या खांद्यावर मामा होते, नाहीतर मी त्याच्या थोबाडीत दिली असती.