डावा कान

"मला मारणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड मी पाहिलं नाही," बुद्धभूषण रणपिसे एकदा बायकोला म्हणाला होता.

कॉलेजच्या वसतिगृहातली ती जुनी रीत होती. नवा मुलगा खोलीत एकटा सापडला की त्याच्यावर ब्लँकेट टाकायचं, चारी कोपरे दाबून धरायचे आणि बुकलून काढायचं. त्याला परेड म्हणत. कुणी मारलं ते दिसत नसे, म्हणून तक्रार कुणाची करायची तेही कळत नसे. इतरांची परेड हसण्यावारी जाई. बुद्धभूषणच्या वेळी हॉकी स्टिक आली. "सवलतीवर आलास ना? मग हेही फुकटात घे," एवढं ब्लँकेटमधून ऐकू आलं आणि डाव्या कानात काहीतरी फुटलं. तो कान गेला तो गेलाच.

पदवी मिळाली, पण टेलिफोन खात्याच्या वैद्यकीय तपासणीत तो बाद झाला. पुढे शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या. पडद्यापुढे बसायला दोन कान लागत नव्हते. तो प्रोग्रॅम लिहू लागला, विश्रांतवाडीत घर घेतलं आणि तिथल्या विहारात वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. मुलं पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून त्यावर बोटं चालवायची.

२००३ साली कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाने त्याला गुणवंत ठरवलं. संघाचा अध्यक्ष जयसिंग हा त्याच्या दोन वर्षं पुढचा, आता हिंजवडीत स्वतःच्या कंपनीचा मालक. अभ्यासिकेला वीस संगणक देण्याची घोषणा तो मंचावर करणार होता.

"बऱ्याच लवकर आठवण झाली हो त्यांना," त्याची बायको दीपाली म्हणाली. मग साडीच्या निऱ्या नीट करत, "पण आज चिडू नका. संगणक पदरात पडू देत."

"नाही चिडत."

शाल झाली, श्रीफळ झालं, जड पितळी सन्मानचिन्ह हातात आलं. जयसिंगने माईक ओढून घेतला.

"आज हे मोठे साहेब आहेत. पण यांना घडवलं कुणी? आम्ही! याची परेड मी स्वतः काढलेली. हॉकी स्टिकसुद्धा माझीच होती!"

सभागृह हसलं. मागच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. बुद्धभूषणच्या तोंडात रक्ताची चव आली. गाल दातांखाली चिरडला होता. तोंड सापडलं होतं. गुळगुळीत, हसरं, हाताच्या अंतरावर. वीस संगणक, तो मनात म्हणाला. त्याने ओठ ताणले.

"वीस कॉम्प्युटर देतोय रे तुझ्या पोरांना! फिटलं ना आता?" जयसिंगने त्याचा डावा कान धरून माईककडे खेचला. "हाच ना तो? ऐकू येतं का? नाही? मग सवलतीतून नवा मागून घे की!"

पितळ जबड्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज माईकने शेवटच्या रांगेपर्यंत नेला. जयसिंग खुर्च्यांवर कोसळला, तोंड झाकायला हात उचलू लागला, तेवढ्यात दुसरा घाव त्याच्या दातांवर पडला. हारांवर रक्त उडालं.

"अहो रणपिसे!" प्राचार्य मागे सरकत ओरडले. "आपण सुसंस्कृत माणसं आहोत!"

बुद्धभूषणने सन्मानचिन्ह त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या उतरला. शिट्ट्या मारणारी मुलं बाकांवर आक्रसून बसली. पहिल्या रांगेत दीपाली उभी होती, पांढरीफटक.

"अहो, आता अभ्यासिकेतल्या मुलांना काय सांगायचं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मनगटावरचं रक्त शालीला पुसून त्याने ती खाली टाकली आणि तो दाराबाहेर निघून गेला.