स्वागत

जिममधल्या सायकलींच्या वर्गात परवा पन्नाशीच्या एक बाई नव्याने आल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. सीट इतकी उंच, की त्यांचे पाय पॅडलला जेमतेम टेकत होते. शिकवणारे सर माइकवरून म्हणाले, "नव्या काकूंसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." सगळ्यांनी वाजवल्या. बाई ओशाळून म्हणाल्या, "अहो, ही सीट जरा खाली..." पण तोवर गाणं सुरू झालं होतं.

मी शेजारच्या सायकलवरून उतरून सीट खाली केली, पण तोपर्यंत त्यांचा गुडघा दुखावला होता. "घरी सगळे हसत होते," त्या म्हणाल्या, "या वयात कसली सायकल म्हणून." आणि लंगडत निघून गेल्या.

आपल्याकडे स्वागत म्हणजे हार, नारळ, टाळ्या. आलेल्या माणसाला धड बसता येतंय का, हे पाहणं त्यात धरत नाहीत. ते काही कुणी वाजतगाजत करत नाही, म्हणून ते कुणाचंच काम नसतं.

आज त्या आल्या नाहीत. "काकूंना झेपलं नाही वाटतं," सर हसत म्हणाले.

घरीही त्यांना हेच ऐकावं लागलं असणार.