नाल्यापलीकडचा डबा

पोराच्या पोटाला हात लावण्याआधी डॉक्टरसाहेब दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा चोळायचे. अकोल्याच्या भर वैशाखातसुद्धा. "थंड हाताला पोट घाबरतं, बाई," असं मला सांगायचे. मग ऊब आलेली बोटं डाव्या बरगडीखाली सारायची नि पोराला म्हणायचं, "घे श्वास, राजा. अजून घे. हं, आली बघ तुझी पानथरी मला भेटायला!" हिवतापानं पानथरी सुजते आणि बोटांना लागते, ती ते चाचपत. रडणारं पोर गप्प व्हायचं. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही आपलं लेकरू डोळे मिटून त्यांच्या हवाली केलं असतं. आम्ही तेच केलं.

मी तेव्हा अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. नवऱ्यानं दुसरी बायको केली तशी मी माहेरी परतले होते. चार लोक म्हणाले, राहील बिचारी कोपऱ्यात, निवडील तांदूळ. माझा धाकटा भाऊ भडकला. "माही बहीण कोनाच्या तुकड्यावर नाई जगनार," म्हणाला, आणि स्वतः अमरावतीला नेऊन मला नर्सच्या शिक्षणाला बसवून आला. गावानं त्याला नावं ठेवली, ती त्यानं ऐकून घेतली. मी चार पैसे मिळवून ताठ मानेनं जगले ते त्याच्यामुळे. हे आधीच सांगून ठेवते.

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. आमचं बोलणं ऐकून पहिल्यांदा दचकायचे. त्यांना वाटायचं, लोक भांडतायत. त्यांना एकच ध्यास होता. नाल्याकाठची म्हातारी माणसं डासांत निजतात, तरी त्यांना हिव भरत नाही. पोरं मात्र दर पावसाळ्यानंतर कापत पडतात. हे कसं? "शरीर शिकतं, बाई," ते म्हणायचे. "ताप सोसून सोसून शिकतं. पण किती सोसल्यावर? आणि आपण औषध दिलं तर ते शिकणं अर्धवट राहतं का?" बोलताना जेवण विसरायचे. माझ्यासारख्या नर्सला असं समोर बसवून समजावणारा दुसरा डॉक्टर मी पाहिला नव्हता.

त्यांना पाहणीसाठी एक गाव हवं होतं. माझं माहेर तेल्हारा तालुक्यात, गावाच्या मधून नाला, हिवतापाचं तर माहेरघरच. "तुमच्या गावचे लोक माझं ऐकतील का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं कायले ऐकतील? माझं ऐकतील," मी म्हटलं.

दवाखान्यानं मला त्यांच्यासोबत पाठवलं. चावडीत त्यांनी बिऱ्हाड मांडलं, जेवण माझ्या भावाकडे. पहिल्याच दिवशी वहिनीनं भाकरीवर ठेचा वाढला. साहेबांच्या डोळ्यांतून धारा! वहिनी म्हणाली, "काहून रडून राहिले साहेब? घरची याद आली का?"

"नाही हो," साहेब हाशहुश करत म्हणाले, "विहिरीची!"

त्या दिवसापासून ते घरचेच झाले. भावाची चंद्री पाच-सहा वर्षांची होती, ती त्यांच्या पाठीवर चढायची. साहेब आले की आधीच आपले दोन हात चोळून दाखवायची आणि झगा वर करून म्हणायची, "पाह्य माही पानथरी!" साहेब हसून हसून बेजार व्हायचे. हे हसणं खोटं नव्हतं. तेच तर मला अजून पचत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी गोळ्यांचे दोन डबे आले, एक निळा, एक लाल. क्विनाईनला तेव्हा आम्ही कोयनेल म्हणायचो. गोळ्यांवर साखरेचा लेप, त्यामुळे पोरं कुरकुर न करता गिळायची. "दोन कंपन्यांचं कोयनेल आहे," साहेब म्हणाले. "कुठलं चांगलं ते पाहायचंय. निळा नाल्याअलीकडे द्या, लाल पलीकडे." मग एकदम विचारलं, "तुमच्या भावाचं घर कुठल्या बाजूला हो?"

"पलीकडे की. रोज जेवायला येता, विसरले?"

"हो, हो," म्हणाले, आणि लाल डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं. "चालेल. पलीकडे लाल."

मी घरोघर फिरून पोराबाळांना, आयांना स्वतःच्या हातानं गोळी खाऊ घातली. कुणी का-कू केली तर मी म्हणायचे, "मी काय तुले जहर देईन का वं?" लगेच तोंड उघडायचं.

थोड्याच दिवसांत विहिरीवर बायकांची थट्टामस्करी सुरू झाली. कोयनेलनं कान वाजतात, ते अलीकडच्या बायकांचे वाजू लागले. पलीकडच्या एकीचेही वाजेनात. मग काय, वहिनी नि तिच्या साऱ्या मैत्रिणी कमरेवर हात ठेवून मिरवायला मोकळ्या! "आमी पल्याडचे लोक दणकट! तुमाले एक गोळी सोसत नाई का वो?" अलीकडच्या बायका चिडायच्या, पलीकडच्या अजून चिडवायच्या. कान न वाजणं ही आमच्या आळीची शान होऊन बसली. माझ्या मनाला मात्र ते टोचलं. मी साहेबांना विचारलं.

"कंपनी वेगळी ना, बाई," ते सहज म्हणाले. "लालवाल्यांनी तो त्रास कमी केलाय."

माझ्याकडे सरळ पाहत म्हणाले. मी मान डोलावून कामाला लागले.

पोळा झाला, आणि पलीकडे घराघरात पोरं गोधड्या पांघरून कुडकुडू लागली. साहेब दिवसभर फिरायचे, हात चोळायचे, पोटं चाचपायचे, रक्ताचे थेंब काचेवर घ्यायचे. एका सकाळी भाऊ चंद्रीला खांद्यावर टाकून धावत चावडीत आला. पोरीला झटके येत होते, डोळे वर गेले होते. साहेबांनी हात चोळले नाहीत. मी नेहमीच्या सवयीनं लाल डबा पुढे केला.

"तो नको!" साहेब ओरडले. "कोयनेल आणा, बाई, कोयनेल! पेटीत सुई आहे."

मी सुई आणली, त्यांनी टोचली. भावानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

"ताई," तो म्हणाला, "मंग आमाले काय देऊन राहिली होती तू?"

ते मलाच ठाऊक नव्हतं. दुपारी चंद्री गेली.

सगळं आटोपल्यावर मी चावडीत गेले. साहेब भिंतीला टेकून बसले होते. लाल डब्यात काय होतं, मी विचारलं. "खडू आणि साखर," त्यांनी सांगितलं. निम्म्या गावाला औषध, निम्म्याला नाही. त्याशिवाय शरीर कसं शिकतं ते कळलं नसतं, म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर कुणी तयार झालं असतं का, बाई?"

"नसतं झालं तर नसतं झालं!" मी म्हटलं. "त्यांची पोरं होती ती. तुमी त्याच घरात जेवत होते, साहेब. त्या घराचं मीठ खाल्लं तुमी."

ते रडले. रडले हेही सांगायला हवं. डोळे पुसून मग म्हणाले, "उद्यापासून मी आजारी पोरांना स्वतः सुया देईन. पण डबे तसेच राहू द्या. दिवाळीपर्यंत. नाहीतर आतापर्यंतचं सगळं फुकट जाईल. ती पोरसुद्धा."

चंद्रीचं मरण असं वापरायला या माणसाची जीभ रेटली कशी, मला कळत नाही. मी निळा डबा उचलला आणि नाला ओलांडला. साहेब दारात उभे राहिले, पण अडवायला आले नाहीत. मी प्रत्येक घरी खरं काय ते सांगितलं आणि खरी गोळी पुढे केली. काहींनी घेतली. काहींनी माझ्या तोंडावर दार लावलं. एका म्हातारीनं विचारलं, "हेबी खडूच असंन, तर?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बैलांच्या दमणीत सामान भरलं आणि ते गेले. पुढे ते मोठे झाले म्हणतात. होवोत. त्यांच्या शोधानं कुठं कुणाची पोरं वाचली असतील तर मला आनंदच आहे, खोटं कशाला बोलू? पण माझ्या हातावर गाव विश्वास टाकत होतं, तो हात त्यांनी मला न विचारता वापरला. हे मी मरेपर्यंत माफ करणार नाही.

भाऊबीजेला मी घरी गेले. भावानं मला कधी दोष दिला नव्हता, त्या दिवशीही दिला नाही. पाटावर बसला. मी कुंकू लावलं, ओवाळलं, त्यानं ताटात ओवाळणी टाकली. मग रीतीप्रमाणे मी करंजीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायला गेला, खरंच गेला, मी पाहिलं. पण ओठ काही सुटेनात. शेवटी त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "हातावर दे, ताई. मी खाईन मंग."

तो तुकडा मुठीत धरून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.