मशीन लागलेलं असताना

माझ्या पतीच्या छातीत धडधड सुरू झाली की ते मनगट माझ्यापुढे धरत. मी हातातलं पुस्तक पालथं ठेवून नाडी बघायची. दोन ठोके लगोलग, मग नुसतीच रिकामी जागा, मग तीन-चार घाईत, एखादा इतका हलका की असला-नसला सारखाच. थोड्या वेळाने पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधणं मन सोडून द्यायचं. नुसतं थकायला व्हायचं.

मग रिक्षा करून कोपरीहून माजिवड्याला, डॉक्टरांकडे. तिथे पोचेपर्यंत हृदय ताळ्यावर आलेलं असायचं. ईसीजीच्या कागदावर सगळे ठोके शिस्तीत रांगेत.

डॉक्टरांना संशय होता. अशी बिघडलेली लय येते-जाते, म्हणाले, आणि ती असताना हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. एकदा कागदावर सापडली, की रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू करू. म्हणून त्यांनी छातीला तारा चिकटवून दिवसरात्र ठोके टिपणारं छोटं मशीन लावलं आणि बजावलं, "रोजच्यासारखं वागा."

हे निवृत्त शिक्षक. शाळा-तपासणीच्या आदल्या दिवशी फळे पुसून घेणारे, मुलांची नखं बघणारे. मशीन लागलं आणि यांनी चहा सोडला, जिना सोडला, संध्याकाळचा फेरा सोडला. टीव्हीवर बातम्यासुद्धा लावू देईनात.

"अहो, रोजच्यासारखं म्हणालेत ते."

"अगं, रिपोर्ट चांगला यायला नको का?"

चांगलाच आला. माझी नणंद, यांची थोरली बहीण, त्या दिवशी कल्याणहून आली होती.

"ताई, पास झालो!"

"पहिल्या वर्गात का रे? मग पेढे कुठायत?"

त्यांनी खरंच पेढे आणले. तीन जिने चढून, धापा टाकत. पुडा टेबलावर ठेवला, खुर्चीत बसले आणि मनगट माझ्यापुढे धरलं.

गोळी सुरू झाली नाही. त्याच वर्षी, पाऊस सरता सरता, गुठळी मेंदूत गेली. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, आणि दिवाळीच्या आत तेही गेले.

वर्षश्राद्ध झालं आणि मला धडधडायला लागलं. आधी वाटलं, दुःखच असेल. मग सवयीने स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवली. लय ओळखीची होती.

माझाही ईसीजी सरळ आला. परवा तसलंच मशीन मला लावलं. नणंद सोबतीला राहायला आली होती.

"आज पडून राहा गं. भाजी मी आणते."

"नको ताई, मीच जाते."

"हट्टी आहेस. तो बघ कसा शहाण्यासारखा बसून..." मग तिनेच खुंटीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

कोपरीच्या बाजारात बटाटे घेतले, दुधी घेतला, नको होता तरी कोबी घेतला. येताना दुसऱ्या मजल्यावर छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं. पिशवी खाली ठेवली. मनगट पुढे करायला समोर कोणी नव्हतं. धडधडलं की दाबायचं म्हणून दाखवलेलं मशीनवरचं बटण दाबलं.

फार दमले होते. तिथेच पायरीवर बसावंसं वाटत होतं. पण पिशवी उचलली, आणि ती लय कागदावर नीट उतरायच्या आत निघून जाऊ नये म्हणून उरलेला जिना चढायला लागले.