पॅकेट विमानाच्या शेपटीचा जोड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आज का सांगतोय, ते मलाही नीट ठाऊक नाही. दमलोय, एवढं खरं. तुम्ही ऐका. मध्येच थांबलो तर थांबू द्या — मला सरळ बोलायची सवय राहिलेली नाही.

गोष्ट एका थर्माकोलच्या विमानाची आहे. हसू आलं ना? येऊ दे. सहा फूट पंखांचं, रेडिओवर उडणारं खेळण्यातलं विमान — त्यापायी एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच विचारत होतो.

तेव्हा मी पिंपरीतल्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात होतो. भिकाजी असेंब्लीत फिटर. चीनची लढाई झाली त्या साली तो हवाई दलात भरती झाला, नऊ वर्षं विमानांच्या सांगाड्यांवर काम केलं आणि मग इकडे आला. घर कुरुळीला, येणं-जाणं सायकलवर. आमच्या शॉपमध्ये त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. पत्र्यावरून नुसतं बोट फिरवून सांगायचा, इथं केसभर उचललंय. मोजून पाहिलं की तेवढंच निघायचं. तो मला ‘तुम्ही’ म्हणायचा, मी त्याला ‘तू’. वयाने सारखेच होतो आम्ही. हे तेव्हा खटकलंसुद्धा नाही.

माझ्याकडे रेडिओचा एक संच होता, मेहुण्याने परदेशातून आणलेला. हातात धरायचा एक डबा, त्याला दोन दांड्या. विमानात बसवायचा रिसीव्हर, शेपूट-पंखांच्या पट्ट्या वळवणाऱ्या चार छोट्या मोटारी आणि हे सगळं चालवणारी एक बॅटरी. त्या बॅटरीबद्दल पुढे बोलावं लागेलच. लहानसहान विमानं मी उडवली होती, दोन मोडलीही होती; त्यांची तेलावर चालणारी दोन इंजिनं माझ्याकडे पडून होती. कंपनीच्या मेळाव्यात काहीतरी खास उडवून दाखवतो, असं मी साहेबांना बोलून बसलो आणि मग भिकाजीकडे गेलो. कुठलं करायचं रे?

“पॅकेट,” तो म्हणाला. विचारसुद्धा केला नाही.

पॅकेट म्हणजे हवाई दलाचं मालवाहू विमान. मध्ये बससारखं पोट. मागे एक शेपूट नाही — पंखांतून निघालेले दोन लांब दांडे आणि त्यांची टोकं जोडणारी एक आडवी फळी. लडाखच्या उंचीवर जोर कमी पडतो म्हणून पाठीवर आणखी एक जेट इंजिन चढवलेलं. ऑफिसात मी नकाशा काढत होतो तेव्हा लोक म्हणाले, पलंगाला पंख लावताय काय?

गुरुवार आमचा सुट्टीचा वार. सकाळी तो यायचा, माझ्या गॅलरीत बसायचा. परदेशी मशिनांच्या खोक्यांतून निघालेले थर्माकोलचे ठोकळे त्याने जमवून ठेवले होते. विजेच्या शेगडीची तार धनुष्यासारखी ताणून, तापवून, तिने तो ठोकळे कापायचा — लोण्यातून सुरी जावी तसे. मग पॉलिश पेपरने घासणं, वरून खळीने खाकी कागद चिकटवणं. दांड्यांसाठी चऱ्होलीच्या एका बुरुडाकडून त्याने बांबूच्या कामट्या निवडून आणल्या, दोन-दोन एकत्र बांधल्या आणि शेपटीच्या फळीशी त्यांचा जोड केला. त्या जोडावर त्याने तीन गुरुवार घालवले. मी म्हटलं, अरे, बस झालं. तो म्हणाला, “भाऊ, हितंच सगळं असतं.”

आणि त्याच दिवशी, हातातलं काम न थांबवता, त्याने मला ते सांगितलं. उत्तरेकडच्या एका तळावर असताना एका पॅकेटच्या शेपटीची दुरुस्ती त्याने केली होती. कागदावर सही त्याची. सकाळी ते विमान बर्फातल्या ठाण्यांना रेशन टाकायला गेलं ते परत आलं नाही. सांगाडाही सापडला नाही, त्यामुळे काय झालं ते कुणाला कधी कळलंच नाही. चौकशीत त्याला कुणी दोष दिला नाही. “पण मला कसं कळावं?” तो म्हणाला. “माझा जोड धरला का सुटला, हे सांगायला कोण परत आलं?”

मी खळीची वाटी त्याच्याकडे सरकवली.

फळी जोडात बसवत तो म्हणाला, “एकदा उतरताना बघायचंय. बास.”

उडताना नव्हे, उतरताना. हे लक्षात ठेवा. मला त्या दिवशी ते पुरतं समजलं होतं. समजलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

मेळावा भोसरीच्या पलीकडे, कारखान्यांसाठी आखून ठेवलेल्या मोकळ्या प्लॉटांवर होता. मंडप, सतरंज्या, बायका-मुलं. मी सकाळी आठलाच विमान घेऊन पोचलो. बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण चार्ज केलेली. भिकाजी इंधनाची बाटली माझ्या हवाली करून बायको-पोरांना आणायला कुरुळीला गेला. आमचे मोठे साहेब आले, त्यांच्याबरोबर दिल्लीचे दोन पाहुणे. त्यांनी विचारलं, हे हलतं कसं? आणि मी दाखवत बसलो. दांडी इकडे केली की शेपूट इकडे, तिकडे केली की तिकडे. आणखी लोक आले, त्यांना दाखवलं. साहेबांच्या मिसेसना दाखवलं. त्यांनी स्वतः दांडी हलवून बघितली. दीड तास — हो, दीड तास मी त्या मोटारी फिरवत होतो. छान वाटत होतं हो. एरवी मला कोण विचारायचं? ड्रॉइंग ऑफिसातला तिसऱ्या टेबलावरचा माणूस मी.

बॅटरी उतरणार हे मला ठाऊक होतं. भरायची तर बारा-चौदा तास लागतात, हेही ठाऊक होतं.

भिकाजी आला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्याची बायको शांताबाई, दोन मुली आणि मुलगा पुढच्या सतरंजीवर बसले. त्याने सगळं विमान एकदा चाचपलं आणि मला विचारलं, “भाऊ, बॅटरी फुल हाय ना?”

मी म्हटलं, “फुल आहे.”

तेव्हा ‘नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? मेळावा विमानाशिवाय झाला असता. साहेब जरा हिरमुसले असते. आम्ही पुढच्या गुरुवारी उडवलं असतं. बस, एवढंच.

विमान उडालं. दोन्ही इंजिनांचा आवाज, इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास — आणि ते बेढब पॅकेट इतकं डौलात वर गेलं की सगळा मंडप उठून उभा राहिला. आता इथे मला आणखी एक सांगायचंय, जे मी स्वतःशीही फार उशिरा कबूल केलं. पहिल्याच फेरीत मला हाताला कळलं होतं. दांडी केली की विमान वळायला वेळ लावत होतं. मोटारी मंदावल्या होत्या. उतरवायला जागा समोर होती. भिकाजी दोनदा म्हणाला, “घ्या खाली आता, घ्या.” पण टाळ्या वाजत होत्या. साहेब ओरडले, और एक राउंड! — आणि मी दुसरी फेरी घेतली.

दुसऱ्या फेरीत, सूर्याच्या अंगाला, विमानाने ऐकणं बंद केलं. मी दांड्या ओढत राहिलो. ते तसंच नाक खाली घालून गेलं आणि मुरमाड जमिनीत घुसलं. माझी टोपी कपाळावर ओढलेली होती, मी शेवटपर्यंत त्याच्यावरून नजर काढली नव्हती. शेपूट अखंड होती. दोन्ही दांडे, मधली फळी — जमिनीला लागेपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. भिकाजीच्या डोळ्यांवर ऊन होतं, त्याला काही दिसलं नाही.

सगळे धावले. साहेबांनी पहिल्यांदा जे उचललं ते शेपटीचं टोक होतं, जोडातून निखळलेलं. आपटल्यावर निखळणारच. ते म्हणाले, “ये जॉइंट छूट गया.” आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली.

एवढीशी मान. तुम्हाला वाटेल, गोंधळून हलली असेल. नाही. मी गोंधळलेलो नव्हतो. मोटारींची तार अजून बॅटरीला लागलेली होती. कुणी दांडी हलवून पाहिली असती तर मोटारी हलल्या नसत्या आणि सगळं उघड झालं असतं. म्हणून गर्दी बाजूला करत मी आधी ती तार काढली आणि बॅटरी खिशात घातली. मग मान हलवली.

भिकाजी तुकडे गोळा करत होता. खाली बसूनच म्हणाला, “दुसऱ्यांदा.” फक्त मला ऐकू येईल असं. मी त्याच्या शेजारी उभा होतो. तोंड उघडायला तेव्हा फार काही लागलं नसतं.

चार दिवसांनी साहेबांनी नोटीस बोर्डासाठी मेळाव्याचा वृत्तान्त लिहायला मला सांगितलं. माझं अक्षर चांगलं. मी लिहिलं — शेपटीचा जोड निकामी झाल्याने विमान कोसळले. कुणी शंका घेतली नाही. माझं टेबल, माझं आडनाव — माझ्या शब्दाला वजन होतं. कॅन्टीनमध्ये एकजण म्हणाला, याला हवाई दलातून उगाच नसेल सोडलं. बाकीचे हसले. मी वरण-भात कालवत होतो. कालवत राहिलो.

भिकाजीने त्यानंतर महिन्याभरात फिटिंग सोडलं. स्वतः अर्ज करून स्टोअरला बदली मागून घेतली. नट-बोल्ट मोजून द्यायचे, रजिस्टरवर सही घ्यायची. फोरमनने समजावलं, मीही — हो, मीही समजावलं. तो म्हणाला, “न्हाई भाऊ. माझ्या जोडावर कुणाचा जीव नको.” गुरुवारी येणं बंद झालं. भेटला की हसायचा, घरचं विचारायचा. माझ्यावर त्याचा राग नव्हता. असायचं कारण काय? त्याच्या हिशेबी, माझं विमान त्याने पाडलं होतं.

पाच-सहा वर्षं गेली. मग त्याला कावीळ झाली, ती हटेना. मी दवाखान्यात भेटायला गेलो. अंग पिवळं, हाताच्या काड्या झालेल्या. शांताबाई पाणी आणायला बाहेर गेल्या तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं.

“भाऊ, एक विचारू? तुम्ही बघत हुता. जोड हवेतच सुटला का हो? का खाली आपटल्यावर?”

इतकी वर्षं त्याने हे धरून ठेवलं होतं. आणि मी आयुष्यभर वाट पाहिली असती तरी याहून सोपा प्रश्न मला कुणी विचारला नसता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. नोकरीला धोका नव्हता, साहेब कधीच बदलून गेले होते. भीती कसली होती? मी सांगू शकत नाही. इतका काळ एकच गोष्ट खरी म्हणून वागवली की ती बाजूला ठेवायलाही ताकद लागते, आणि ती मी काढली नाही.

मी म्हटलं, “हवेतच.”

त्याने मान डोलावली. डोळे मिटले. म्हणाला, “म्हंजी तेबी तसंच गेलं आसंल.”

तो त्याच आठवड्यात गेला.

दहा-बारा दिवसांनी मी कुरुळीला गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली भिकाजीचा हवाई दलातला फोटो. शांताबाईंनी मुलाला बोलावलं, तेव्हा तो कॉलेजात जात होता. त्याला म्हणाल्या, “पाया पड यांच्या. तुझ्या बापाच्या हातनं यांचं एवढं विमान मोडलं, पर कवा एका शब्दानं बोलले न्हाईत.”

मुलगा वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग शांताबाईंनी चहा आणला. मी तो घेतला. साखर पुरे आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, पुरे आहे.